अकरा हाली नोटा आणि एक गोल शिक्का

लातूरला जिल्हा मिळाला आणि लातूरचं पाणी गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे शहाण्या माणसाला कळतं. पण त्या वर्षी शहाणी माणसंही घागर घेऊन रांगेत उभी असल्यामुळे बाकीच्यांना समजावून सांगायला कुणी मोकळं नव्हतं. ब्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले गेले, फटाके उडाले, पाऊस तेवढा आला नाही. मार्च उजाडेपर्यंत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही खोकत खोकत. मधल्या दिवसांत टँकर. टँकरला वेळकाळ नसे. तो आला की माणसं ताटावरून उठत, पूजेवरून उठत, आणि एकदा पलीकडच्या गल्लीत मयताजवळून उठली होती असंही सांगतात.

अशा दिवसांत घरातल्या कुठल्याही भांड्याला पाण्याशिवाय दुसरं काही पोटात ठेवायची मुभा नव्हती. संगप्पा बोळेगावेच्या घरी डाळीचे डबे रिकामे होऊन डाळ पिशव्यांत गेली, पिठाचा डबा गेला, लोणच्याची बरणी धुऊन घेतली तरी पाण्याला आंबूस वास यायचा. शेवटी नीलम्माची, म्हणजे संगप्पाच्या बायकोची, नजर माळ्यावरच्या पितळी घंगाळाकडे गेली. हे घंगाळ सासऱ्यांच्या औशातल्या किराणा दुकानाबरोबर लातूरला आलेलं. सासरे जिवंत होते तोवर कुणी माळ्याकडे नुसतं पाहिलं, तरी ते खाकरून विषय बदलत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. नीलम्मा स्टुलावर चढली, घंगाळ खाली काढलं, आणि त्यातल्या तुटक्या अडकित्त्याखाली, गंजक्या तागडीखाली लाल मांजरपाटाची एक पुरचुंडी निघाली.

पुरचुंडीत अकरा नोटा होत्या. एका बाजूला सगळं उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, कानडी, तेलुगू, इंग्रजी. सगळ्यांचं म्हणणं एकच, की ही नोट दहा रुपयांची आहे. निजामाची हाली! हाली म्हणजे निजामाच्या राज्यातला रुपया. हिंदुस्थान सरकारचा तो कलदार. सात हाली द्या, सहा कलदार घ्या, हा भाव जुन्या माणसांना अजून झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

"अवो, ह्या चालत असतील का?" नीलम्मानं विचारलं.

"चालायच्या न्हाईत," संगप्पा म्हणाला, "पण..."

आणि थांबला. 'पण' या शब्दाशी थांबायची त्याची जुनी सवय होती. संगप्पा नव्या जिल्ह्याबरोबर आलेल्या एका नव्या कचेरीत आवक-जावक कारकून. कचेरीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर खुलासा मागवतील, आणि तो खुलासा नोंदवून घ्यायला पुन्हा संगप्पालाच बसावं लागेल. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकही निर्णय घेतला नव्हता आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. कागद आला की नंबर टाकायचा, तारखेचा शिक्का मारायचा, कोपऱ्यात 'निर्णयार्थ सादर' लिहायचं आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. घरीही तेच. वांगं करू का दोडका, असं नीलम्मानं विचारलं तर तो दोन्ही बाजू नीट मांडत असे आणि मग वाट पाहत असे.

तेवढ्यात आतून त्याची आई आली. बसम्मा. वय सत्तरच्या पुढं, दात चार, पण चारही शाबूत.

"ठेव ते हितं," ती म्हणाली. "लक्ष्मी हाय ती घरातली. लक्ष्मी इकतेत व्हय कुठं?"

"अव्वा, विकायचं कोण म्हणालंय?"

"तू न्हाई म्हणलास. तू काय म्हणतच न्हाईस. ही म्हणणार हाय." तिनं सुनेकडे हनुवटी केली आणि पुरचुंडी उचलून देव्हाऱ्यात नेली. प्रत्येक नोटेला तीन बोटांनी विभूती ओढली आणि हात जोडले. हात जोडताना तिला हसू का आलं, ते संगप्पाला समजलं नाही. त्याला त्या दिवसांत बऱ्याच गोष्टी समजत नव्हत्या.

नीलम्मा खरोखरच म्हणणार होती. तिला दारात पाण्याचा हौद पाहिजे होता. हौद असला की टँकरचा पाइप सरळ त्यात सोडता येतो. नसला की घागरी, कळश्या, बादल्या, आणि टँकरवाला हॉर्न देत राहतो. गेल्या महिन्यापासून नीलम्माचा उजवा खांदा वर होत नव्हता. वेणी ती डाव्या हातानं घालायची, ती वाकडी व्हायची, आणि हे संगप्पाला रोज सकाळी दिसायचं. दिसलं की तो कचेरीत जाऊन बसायचा. हौदाला गवंड्यानं दोन हजार सांगितले होते, आणि संगप्पाच्या पगारातून दोन हजार शिल्लक पडायला जिल्ह्याचे पुन्हा दोन तुकडे होण्याची वाट बघावी लागली असती.

नोटांची बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. पहिले आले समोरचे अमृतराव, इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा पुसला, नोट उजेडाकडे धरली, उलटी केली, वास घेतला.

"संगप्पा, नशीब उघडलं लेका तुझं. मुंबईला एक पारशी ह्या नोटेचे हजार देतो."

"कोण पारशी, सर?"

"नाव काय करायचंय? पारशी म्हणजे पारशी."

संध्याकाळी टँकरचा ड्रायव्हर ग्यानोबा पाइप धरून उभा होता. तो म्हणाला, "काय भुललाव सायेब! इस्लापूरला माझ्या सासऱ्याकडं ह्या नोटांचा गठ्ठा हुता. कणगीला उंदरानं भोक पाडलं, तवा ह्याच खळ लावून चिकटवल्या. उंदरानं त्या बी खाल्ल्या. लई कडक कागद, पण खाल्ल्या."

आणि भिंतीपलीकडून चतुराबाई. तिच्या माहेरी, हदगावला, कुणाच्या तरी घरी बंद झालेल्या नोटा सापडल्या आणि पोलीस आले. नोटा का माणूस, काय नेलं ते तिला नक्की आठवत नव्हतं. पण जीप आली होती.

संगप्पाला तिघांचंही पटलं. नोटा हजाराच्या होत्या, उंदराच्या लायकीच्या होत्या आणि गुन्हा होत्या. विकल्या तर आई दुखावणार, ठेवल्या तर बायको झिजणार, आणि जवळ बाळगल्या तर जीप येणार. त्या रविवारी तो दोनदा देव्हाऱ्यापर्यंत गेला आणि दोनदा उदबत्ती लावून परत आला.

रस्ता काढला अमृतरावांनीच. मुंबईच्या पारशाचा पत्ता त्यांना मिळेना, पण नांदेडला इतवाऱ्यात हमीदमियाँ म्हणून जुनी नाणी-नोटा घेणारे होते, त्यांचा मिळाला. संगप्पानं जवाबी जोडकार्ड पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं: 'माल असली असला तर एकेकीचे दोनशे देईन. घेऊन या.' अकरा दुणे बावीस. हौद निघून वर दोनशे. नीलम्मानं ते कार्ड गणपतीच्या कॅलेंडरला टाचणीनं लावलं. अव्वा मात्र बोटभरही हलायला तयार नव्हती. "लक्ष्मी इकायची न्हाई," एवढंच. घरात एकाच ताटात जेवणाऱ्या दोघीजणी तीन दिवस संगप्पाच्या मार्फत बोलत होत्या, आणि तो दोन्ही बाजूंचे निरोप इमानानं पोचवत होता.

शेवटी माणूस जे करतो ते त्यानं केलं. प्रकरण कचेरीत नेलं.

हेडक्लार्क शेषेराव हा नियमांचा माणूस. त्याच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली नियम होते. तो म्हणाला, "सरकारी नोकराला मौल्यवान वस्तू विकायची असली तर वर कळवावं लागतंय. अर्ज कर."

संगप्पानं अर्ज केला. 'वडिलोपार्जित हाली चलनाच्या अकरा नोटा विकाव्यात किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळावे.' अर्ज स्वतःच आवक केला, स्वतःच्याच अर्जावर 'निर्णयार्थ सादर' लिहिलं आणि हलक्या मनानं घरी गेला. साहेबांनी अर्जावर 'चर्चा करावी' लिहिलं. चर्चेत निघालं की निजामाच्या काळातलं सगळं दप्तर जुन्या जिल्ह्याच्या गावी राहिलेलं आहे, तेव्हा तिकडंच विचारावं. तिकडून पंचवीस दिवसांनी उत्तर आलं: आपला जिल्हा आता वेगळा झाला असल्याने सदर नोटा आपल्या अखत्यारीत येतात. सोबत त्यांनी संगप्पाचाच अर्ज परत जोडला होता आणि त्यावर तिकडच्या कारकुनानं 'निर्णयार्थ सादर' लिहिलं होतं. ते अक्षर पाहून संगप्पाला परगावी भाऊ भेटल्यासारखं वाटलं.

तोवर एप्रिल लागला. नीलम्मा आता रात्री खांद्याला गरम मिठाची पुरचुंडी बांधून झोपायची. भांडली असती तर बरं, असं संगप्पाला वाटे.

"नियमाचं राहू दे," एक दिवस शेषेराव चहा ओतत म्हणाला. "मला हे सांग, नोटा असली हायत हे तू सिद्ध कसं करणार? तो मियाँ म्हणाला नकली हाय, तर? नांदेडच्या भर बाजारात तुझी अब्रू जाईल."

"मग काय करू म्हणतोस?"

"कागदाला काय करतो आपण? प्रमाणित! साहेबाची सही अन् गोल शिक्का. मग निजाम जरी उठून आला तरी न्हाई म्हणू शकत न्हाई."

संगप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बावीस वर्षं ज्या गोष्टीवर त्याचा देवाखालोखाल विश्वास होता, ती गोष्ट त्याला इतके दिवस सुचली कशी नाही? शिक्का नसलेला कागद म्हणजे रद्दी. आणि नेमका त्याच आठवड्यात कचेरीला नवा गोल शिक्का आला होता. त्याआधी आठ महिने जुन्या जिल्ह्याचा शिक्का मारून वर पेनानं 'लातूर' लिहायचं चाललं होतं. नव्या शिक्क्याच्या रबराचा वाससुद्धा गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा पाण्याच्या रांगेत गेलेली पाहून त्यानं देव्हाऱ्यातली पुरचुंडी उचलली. कचेरीत उघडून मोजली तर दहाच नोटा. पुन्हा मोजली. उलटी मोजली. दहा.

"अर्जात अकरा, सोबत दहा," शेषेराव गंभीर झाला. "एक नोट गहाळ हाय. खुलासा द्यावा लागेल तुला."

"कुणाला?"

"आवक-जावकला."

संगप्पानं आवक-जावककडे, म्हणजे स्वतःकडे, खुलासा दिला की पहिल्या वेळी मोजताना चूक झाली असावी. तो त्यानं स्वीकारला.

साहेबांनी पहिली नोट हातात घेतली. "खरी प्रत करायची? मूळ कुठंय?"

"हेच मूळ हाय, साहेब."

"मग मी ताडून कशाशी बघू?"

अडचण खरीच होती. संगप्पानं शेषेरावकडे पाहिलं. शेषेराव उगीच हेडक्लार्क झालेला नव्हता. तो म्हणाला, "पहिली दुसरीशी ताडावी, साहेब. दुसरी तिसरीशी. तिसरी चौथीशी."

"आणि दहावी?"

"दहावी पहिलीशी."

साहेब विचारात पडले. फिरून जाग्यावर येणारं इतकं निर्दोष काम त्यांच्या हाताखालून बऱ्याच दिवसांत गेलं नव्हतं. त्यांनी दहाही नोटांवर 'मूळ प्रतीशी ताडून पाहिली, बरोबर आहे' असा लांब शिक्का मारवला, खाली सही केली, आणि निजामाच्या उर्दूच्या बरोबर मधोमध नवा गोल शिक्का उमटला. जांभळा, ठसठशीत. नोटा टेबलावर परत आल्या तेव्हा संगप्पाच्या हाताला बावीस वर्षांची सवय होती. त्यानं मागच्या बाजूला, मराठी 'दहा रुपये'च्या अंगावर, आवक नंबर टाकला आणि तारखेचा शिक्का मारला.

घरी येऊन त्यानं नोटा खाटेवर मांडल्या. नीलम्मा बघतच राहिली.

"हे काय करून ठेवलाव?"

"प्रमाणित केल्या. आता कुणाचा बाप नकली म्हणणार न्हाई."

"पण ह्ये पुसंल का?"

"पुसायचा शिक्का असतो व्हय?" संगप्पा दुखावला. सरकारी शाई होती ती.

अव्वानं वाकून एकेक नोट पाहिली, तोंडाला पदर लावला आणि तिला मोठा ठसका लागला. ठसका ओसरल्यावर ती म्हणाली, "आता इक की. खुशाल इक. जा नांदेडला."

दीड महिना जी बोटभर हलली नव्हती ती एकाएकी कशी वळली? संगप्पा आणखीच गोंधळला. पण शिक्क्यात ताकद असते हे त्याला माहीत होतं. आईवरही चालला असेल, असं त्यानं मनाशी धरलं.

नांदेडची एसटी अहमदपुरात पंक्चर झाली, लोह्याच्या पुढं तापली आणि दुपारी एकला पोचली. संगप्पा सगळा वेळ बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून बसला होता. शेजारच्या प्रवाशानं दोनदा विचारलं, छातीत दुखून राहिलंय का?

इतवाऱ्यातलं दुकान कपाटाएवढं. हमीदमियाँ पांढऱ्या दाढीचे, अदबीचे. "आओ जी, बैठो. लातूर से आए? पहले पानी पियो," म्हणून त्यांनी काठोकाठ ग्लास पुढं केला. लातूरच्या माणसाला काठोकाठ ग्लास पाहून बरं आणि वाईट दोन्ही वाटतं. संगप्पानं तो थेंब न सांडता संपवला, आणि मग दहा नोटा रुबाबात पुढं मांडल्या.

हमीदमियाँनी भिंग डोळ्याला लावलं. मग काढलं. मग पुसून परत लावलं.

"ये क्या है जी?"

"शिक्का."

"काहे का?"

"असली असल्याचा. साहेबांची सही बी हाय."

हमीदमियाँनी भिंग हळूच खाली ठेवलं. "साहब, असली है सो तो मैं दूर से बोल सकता. निजाम सरकार के अफसर की सही है इस पे. उस पे तुमारे साहब की सही काहे कू?"

संगप्पानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर बरोबर होतं, नियमात होतं, पण ते या दुकानात बसत नव्हतं.

"अब इसे कौन लेगा? तुमारे साहब के घरवाले?" हमीदमियाँ रागावले नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि तेच संगप्पाला जास्त लागलं. एका नोटेच्या कोपऱ्याकडे बोट करून ते म्हणाले, "और ये सफेद सफेद क्या है?"

"विभूती. आईनं लावली."

हमीदमियाँनी ओठ पुढं काढून हळूच फुंकर मारली. विभूती उडून गेली. कोपरा जसाच्या तसा. "देखो. अम्मा का काम. फूँक मारे, गया. और ये..." त्यांनी गोल शिक्क्यावर अंगठा घासला. "ये कयामत तक जाता नइं."

चहा त्यांनीच पाजला. निघताना म्हणाले, "घर में एकाध बिना ठप्पे की निकली तो लाओ. अच्छी रही तो तीन सौ दूँगा." संगप्पाला गहाळ झालेली अकरावी नोट आठवली, आणि तिच्याबद्दल आपण स्वतःलाच दिलेला खुलासाही आठवला. परतीच्या एसटीत त्याचा हात खिशावर नव्हता. ज्या गोष्टीवर बावीस वर्षं पोट भरलं, तिनंच बायकोचा हौद बुडवला होता. शेजारच्या माणसानं आता काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर संगप्पा रडला असता.

तो दिवेलागणीला घरी पोचला. उंबऱ्याशी नीलम्मा, आत अव्वा.

"इकल्या?"

"प्रकरण विचाराधीन हाय," संगप्पा म्हणाला आणि पाय धुवायला गेला. बादलीत तांब्याभर पाणी होतं. अर्ध्या तांब्यात एक पाय धुतला, दुसऱ्याचं काय करावं ते ठरेना. मग तिथंच खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. फुंकरीचंसुद्धा.

अव्वा पहिल्यांदा हसली, मग डोळ्याला पदर लावून हसली. मग देव्हाऱ्यातली बसवेश्वराची तसबीर सरकवून तिच्या मागची अकरावी नोट काढली. कोरी. कपाळावर तीन बोटं विभूती.

"अव्वा! तू काढलीस व्हय?"

"तू कायतरी करणार हे मला म्हाईत हुतं. तुझ्या बापाचाच तू." ती भिंतीला टेकून बसली. "हाली बंद व्हायच्या वक्ताला औशाला खजिन्याच्या खिडकीवर रांग लागली. हाली द्या, कलदार न्या. ह्या अकरा नोटा मी त्यांच्या हातात दिल्या. म्हणलं बदलून आणा, त्याच्या मला पाटल्या करायच्यात. रांगेत एकजण म्हणाला, थांबा अप्पा, भाव वाढणार हाय. आले परत. दुसऱ्या दिशी कोण म्हणालं, जामीन लागतंय. आले परत. तिसऱ्या दिशी म्हणले, निजाम परत येणार हाय. आले परत! चौथ्या दिशी म्हणले, आता मात्र ठरलं माझं. गेले. खिडकी आदल्या दिशी बंद झाली हुती. कायमची."

"मग?"

"मग काय? मी घंगाळात टाकल्या अन् घंगाळ माळ्यावर ठिवलं. तवापासून त्यांनी कशाला बी 'बघू' म्हणलं, की मी तोंडानं काय न्हाई बोलायची. निस्तं माळ्याकडं बघायची. लगेच ठरायचं त्यांचं. औसा सोडलं ते तसंच, तुला शिकवलं ते तसंच, ही जागा घेतली ती बी तशीच."

"अन् तू लक्ष्मी म्हणत हुतीस!"

"मग लक्ष्मी न्हाई तर काय? त्या अकरा नोटांवर घर चाललं माझं. तुमी घंगाळ खाली काढलाव, मला वाटलं राज्य गेलं." अव्वानं नोट पुढं केली. "नीलम्मा, धर. आजपासून ही तुझी."

नीलम्मानं नोट घेतली. उठून संगप्पापुढं फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "इकायची का ठिवायची, ते तुमीच सांगा."

संगप्पानं सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. पुढं सरकवायला दुसरं टेबल नव्हतं. विकली तर आईच्या न झालेल्या पाटल्यांची शेवटची निशाणी गेली. ठेवली तर... "आता यात दोन बाजू हायत," त्यानं सुरुवात केली. एवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. नीलम्मा उठली, डाव्या हातानं घागर उचलली, उजवा हात आधाराला लावायला गेली आणि तो अर्ध्यातच थांबला. मग तिची नजर त्या घंगाळाकडे वळली, जे आता माळ्यावर नव्हतं, तिच्या पायाशी रिकामं पडलं होतं.

"विकायची," संगप्पा म्हणाला.

आवाज त्याचाच होता, त्यानं ओळखला. मग तो उठला आणि नीलम्माच्या हातातली घागर काढून घेतली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, टँकरच्या रांगेत तो पहिल्यांदा उभा राहिला. बायकांनी त्याला रस्ता करून दिला, कारण तो आजारी आहे असं त्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं किरकोळ रजा टाकली आणि अर्जावर कारण लिहिलं, 'नोट विकणे'. हमीदमियाँनी नोटेवर फुंकर मारली, भिंग लावलं, शंभराच्या तीन नोटा मोजून दिल्या आणि अम्माला सलाम सांगितला. तीनशेत हौद काही होत नाही. पण औसा रोडला एकजण सिमेंटच्या तयार टाक्या ओतत होता. मधल्या आकाराची दोनशे ऐंशीला, टेम्पोभाडं वीस. शिल्लक काही नाही. हिशेब इतका नीट बसलेला संगप्पानं सरकारातही पाहिला नव्हता.

शिक्केवाल्या दहा नोटांची अव्वानं चौकट करवून आणली, काचेची, आणि माजघराच्या दारावर लावायला लावली. साहेबांची सही पाहुण्यांनाही वाचता येते.

टाकी आली त्या दिवशी सगळी गल्ली जमली. चौघांनी टेम्पोतून उतरवून ती दारात आणली आणि विचारलं, "कुठं ठेवायची?" अमृतराव म्हणाले, ईशान्येला, जुना प्रघात आहे. चतुराबाई म्हणाली, ईशान्येला ठेवली तर तिच्या भिंतीला ओल येईल, तिकडं हिंगणाच्या झाडाखाली ठेवा. ग्यानोबा म्हणाला, पाइप तिथवर पोचत न्हाई सायेब, आधी मला विचारायचं. शेषेराव मुद्दाम कचेरीतून आला होता. त्याचं मत पडलं की दारात टाकी ठेवायला नगरपालिकेची परवानगी घेतलेली बरी. चौघे हमाल टाकी धरून उभे. संगप्पाला एकेकाचं पटत चाललं होतं. "आता यात चार बाजू..." तो म्हणू लागला.

नीलम्मा उंबऱ्यात उभी होती. तिनं मान वळवून नुसतं माजघराच्या दारावरच्या नोटांकडे पाहिलं.

"हितंच," संगप्पा म्हणाला. "हाय तितंच ठेवा."

टाकी टेकली. अमृतराव अजून ईशान्येचं सांगत होते, तोवर ग्यानोबानं पाइप सोडला होता. आत ओट्यावर बसून अव्वा वाती वळत होती, आणि पाणी पडायचा आवाज ऐकून म्हणाली, "पोरगं बापापरीस लवकर शिकलं."